पाण्यातल्या फ्लोराइडचं काय करायचं? आधी आकडा काढा, घाबरायचं की नाही ते मग ठरवू

फ्लोराइडचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते हे विष आहे, मुद्दाम पाण्यात टाकतात, मेंदूवर परिणाम होतो, आणि दुसरी म्हणते अहो काही नाही, दातांना चांगलंच असतं ते. आणि बहुतेक वेळा दोघंही वेगवेगळ्या पाण्याबद्दल बोलत असतात पण ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

म्हणजे बघा, एक आहे ते मुद्दाम टाकलेलं फ्लोराइड. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात जानेवारी १९४५ मध्ये हे सुरू झालं, दात किडू नयेत म्हणून, आणि आज तिथे जे टाकतात ते लिटरला ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास. दुसरं आहे ते जमिनीतून आपोआप येणारं, खडकातल्या खनिजांमधून पाण्यात उतरलेलं, जे कोणी टाकलेलं नसतं आणि ज्याला कोणी विचारत पण नाही. ते ३ असू शकतं, ५ असू शकतं, काही ठिकाणी १० च्या वरही जातं. पूर्व आफ्रिकेची खचदरी, चीन, भारत, इथे लाखो लोक असं पाणी पितात. ०.७ वरचा वाद वाचून ५ वाल्याने निर्धास्त राहायचं नाही आणि ५ वाल्यांचे वाकलेले पाय बघून ०.७ वाल्याने झोप उडवून घ्यायची नाही. त्यामुळे माझं म्हणणं एकच, मत नंतर बनवा, आधी तुमच्या नळाचा किंवा बोअरचा आकडा काढा.

आकडा कसा काढायचा

पहिली गोष्ट, चव घेऊन, वास घेऊन, रंग बघून काहीही कळत नाही. आणि दुसरी, जी फार लोकांना माहीत नसते, टीडीएस मीटरने पण कळत नाही. तो पेनासारखा मीटर पाण्यात बुडवला की २८० दाखवतो आणि आपण खूश, पण तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो, त्यात फ्लोराइड किती ते सांगायची सोयच नाही त्यात. २८० टीडीएसच्या पाण्यात ४ मिलिग्रॅम फ्लोराइड असू शकतं आणि १५०० च्या खारट पाण्यात ०.३.

उलट एक जरा विचित्र गोष्ट सांगतो. कॅल्शियम भरपूर असलेल्या जड पाण्यात फ्लोराइड फार चढत नाही, कारण कॅल्शियम आणि फ्लोराइड एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा क्षार होऊन खाली बसतो. जे बोअरचं पाणी मऊ लागतं, साबणाला छान फेस येतो, पीएच जरा चढा असतो आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असतं, तिथेच फ्लोराइड जास्त सापडण्याची शक्यता असते. म्हणजे ज्या पाण्याला सगळे "गोड पाणी" म्हणतात तेच आधी तपासायला हवं. सगळं मऊ पाणी वाईट असं नाही, पण मऊ आहे म्हणून चांगलं आहे हे धरून चालू नका.

सॅम्पल घ्यायची पद्धत सोपी आहे पण नीट करा. प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको, कारण फ्लोराइड काचेशी थोडीफार प्रक्रिया करतं. अर्धा ते एक लिटरची पुरते. साबणाने धुवायची गरज नाही, ज्या पाण्याचं सॅम्पल घ्यायचंय त्याच पाण्याने तीनदा खळखळून घ्या. बोअर असेल तर मोटर चालू करून काही मिनिटं पाणी वाहू द्या, म्हणजे पाइपात साठलेलं शिळं पाणी निघून जातं आणि खरं जमिनीतलं पाणी येतं. मग बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, वर तारीख आणि पाणी कुठलं ते लिहा. आरओ बसवलेला असेल तर दोन बाटल्या द्या, एक मशीनच्या आधीची आणि एक नंतरची, दोन्हीवर ठळक लिहून, नाहीतर रिपोर्ट आल्यावर कुठला कुठला यावरच घरात भांडण. जंतूंच्या टेस्टसारखी इथे काही तासांत पोचवायची घाई नसते, एकदोन दिवस उशीर झाला तरी फ्लोराइड कुठे उडून जात नाही.

लॅबमध्ये गेल्यावर "पाणी टेस्ट करायचंय" एवढंच म्हणू नका. साध्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा फ्लोराइड नसतंच, ते नाव घेऊन मागायला लागतं. सोबत पीएच, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) आणि कॅल्शियम पण करून घ्या, पुढे फिल्टर निवडताना लागतं. कुठल्या पद्धतीने मोजता हे विचारायला लाजू नका, आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड म्हणाले तर चांगलं. रंग बदलून मोजायची स्पॅडन्स नावाची पद्धत पण चालते, मात्र पाण्यात अल्युमिनियम किंवा अल्कलिनिटी जास्त असेल तर तिचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. घरी वापरायचे रंगाचे किट मिळतात, ते ०.५ आहे की ३ हे सांगायला ठीक आहेत, १.३ आहे की १.७ यासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

आणि एकदा करून सोडून देऊ नका. पावसाळ्यानंतर पाणी वर आलेलं असताना वेगळा आकडा येऊ शकतो आणि उन्हाळ्यात पाणी खोल गेलेलं असताना वेगळा. शेजारच्या बोअरचा रिपोर्ट तुमच्या बोअरला लागू होत नाही, थोड्याच अंतरावरच्या दोन बोअरमध्ये जमीनअस्मानाचा फरक असू शकतो, कारण पाणी कुठल्या खडकातून येतंय त्यावर सगळं आहे.

रिपोर्ट हातात आला, आता?

एकक बघा आधी. मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीपीएम हे पिण्याच्या पाण्यासाठी एकच समजा.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १.५ आहे. भारतीय मानकात १.० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. अमेरिकेत कायद्याची कमाल मर्यादा ४.० आहे, जी मला स्वतःला फारच ढिली वाटते, आणि तिथेच २.० ची एक सल्लावजा मर्यादा दातांच्या डागांसाठी वेगळी आहे.

ढोबळमानाने, ०.५ च्या खाली असेल तर पाण्याचा विषय सोडा आणि दात घासण्याकडे लक्ष द्या. १ च्या आसपास असेल तर मोठ्यांना काही करायची गरज नाही, घरात तान्हं बाळ असेल तर पुढे वाचा. १.५ च्या वर गेलं तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदलायला लागा, विशेषतः आठ वर्षांखालची मुलं असतील तर. ३ ते ६ या पट्ट्यात वर्षानुवर्षं प्यायल्यावर हाडांवर परिणाम दिसायला लागू शकतो, आणि १० च्या वर अपंगत्व आणणारा हाडांचा फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडने होणारा आजार, होऊ शकतो.

पण पाण्यातला आकडा म्हणजे अर्धीच गोष्ट. पोटात एकूण किती गेलं ते महत्त्वाचं. दिवसाला सगळ्या मार्गांनी मिळून ६ मिलिग्रॅमच्या वर गेलं की हाडांचा धोका वाढायला लागतो असं मानतात. आता २ मिलिग्रॅमचं पाणी आहे आणि उन्हात काम करणारा माणूस दिवसाला ३ लिटर पितो, झाले की ६ तिथेच. थंड हवेतला माणूस तेच पाणी दीड लिटर पितो, त्याचे ३. त्यात चहा धरा, कारण चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड पानात साठवतं, कडक काळा चहा स्वतःच लिटरला काही मिलिग्रॅम देऊ शकतो, शुद्ध पाण्यात केला तरी. जुन्या, जून पानांच्या स्वस्त चहात जास्त.

आणि बाळांचं गणित तर अजून वेगळं. ६ किलोचं बाळ पावडरच्या दुधावर असेल तर दिवसाला साधारण ९०० मिली पाणी त्याच्या पोटात जातं. पाणी २ चं असेल तर १.८ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.३. साठ किलोचा माणूस तेच पाणी ३ लिटर प्यायला तर किलोमागे ०.१. तिप्पट. आईच्या दुधात मात्र फ्लोराइड जवळपास नसतंच, आई जास्त फ्लोराइडचं पाणी पीत असली तरी, त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाची काळजी या बाबतीत करू नका.

शरीरात नक्की होतं काय

पोटात गेलेलं फ्लोराइड बहुतेक सगळं रक्तात शोषलं जातं. काही भाग लघवीतून बाहेर जातो आणि जे राहतं ते जवळपास सगळं हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. मोठ्या माणसाचं मूत्रपिंड बरंच बाहेर टाकतं, लहान मुलांची हाडं वाढत असतात म्हणून ती जास्त धरून ठेवतात. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांच्या अंगात जास्त साठतं, त्यामुळे अशा घरात १.५ ची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना आकडा दाखवा.

दातांचे डाग कसे ओळखायचे? मुलाला खिडकीपाशी उजेडात उभं करा, दात रुमालाने कोरडे करा आणि वरचे समोरचे दात बघा. फ्लोरोसिसमध्ये खडूसारख्या पांढऱ्या आडव्या रेघा किंवा ढग दिसतात, आणि डाव्या उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर साधारण सारखेच. वाढलेला असेल तर पिवळट तपकिरी रंग, बारीक खड्डे. एकाच दातावर एक डाग असेल तर तो बहुधा मार लागल्याचा किंवा किडीचा असतो. घासून हे जात नाही कारण ते वरून चढलेलं नसतं, दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच इनॅमल तसं बनलेलं असतं. म्हणूनच साधारण आठ वर्षांनंतर समोरच्या दातांना नवीन डाग पडत नाहीत, आणि म्हणूनच डाग दिसले तेव्हा पाणी बदलून त्या दाताचा रंग परत येत नाही, धाकट्या भावंडाचे दात मात्र वाचतात.

या डागांवरूनच तर सगळं सुरू झालं. फ्रेडरिक मॅके नावाचा दातांचा डॉक्टर १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला तर तिथल्या लोकांचे दात तपकिरी, पण किडलेले कमी. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये रासायनिक तपासणीतून कळलं. मग ट्रेंडली डीन या तिथल्या सरकारी दातांच्या डॉक्टरने गावोगावचं पाणी आणि दात ताडून बघितले आणि १ च्या आसपास कीड कमी, डागही फार नाहीत असं दिसलं. म्हणजे फायदा आणि नुकसान एकाच ठिकाणी सापडलेत. त्यामुळे कोणी फक्त एकच बाजू सांगायला लागलं की माझा तरी विश्वास कमी होतो.

हाडांचं मात्र हळू हळू होतं. सकाळी उठल्यावर पाठ आखडणं, मान वळवताना त्रास, गुडघे आणि मणक्याचं दुखणं, पुढे स्नायुबंधात क्षार साठून सांधा वाकेनासा होतो. अडचण अशी की सुरुवातीला हे अगदी साध्या संधिवातासारखंच दिसतं. घरी बघायचं तर तीन गोष्टी करून बघतात: गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, दोन्ही हात डोक्यामागे नेता येतात का. नाही जमलं म्हणजे फ्लोरोसिसच असं मुळीच नाही, पोट सुटलेल्यांना तसंही जमत नाही, पण पाण्याचा आकडा चढा आहे आणि घरातल्या दोघातिघांना हेच होतंय तर दाखवून या.

हे करून काही होत नाही

उकळणं. सगळ्यात जास्त केला जाणारा आणि सगळ्यात उलटा उपाय, कारण वाफ उडते आणि फ्लोराइड खालीच राहतं, पाणी आटलं की प्रमाण वाढतं. जंतूंसाठी उकळा, जरूर उकळा, फ्लोराइडसाठी नको. क्लोरीनच्या गोळ्या, यूव्हीचा दिवा, कँडलचा फिल्टर, साधा कार्बनचा फिल्टर, यापैकी कशानेही जात नाही. अल्कलाइन पाण्याचं मशीन, नाही. पाण्यात कुठला पाला टाकणं, भांडं अमक्या धातूचं वापरणं, यावर विसंबायचं असेल तर आधीचं आणि नंतरचं पाणी लॅबला देऊन बघा, आकडाच काय ते सांगेल. शरीरातलं फ्लोराइड "डिटॉक्स" करणाऱ्या पावडरींवर तर पैसे घालवूच नका, हाडात बसलेलं फ्लोराइड वर्षानुवर्षं हळूहळू सुटतं, पंधरा दिवसांच्या कोर्सने नाही.

हे करून होतं

सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे दुसरं पाणी. नदी तलावाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतं, पावसाच्या पाण्यात तर जवळपास नसतंच. छतावरचं पावसाचं पाणी नीट गाळून झाकलेल्या टाकीत साठवलं तर तेच पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरा, किंवा पुरत नसेल तर मिसळा. ३ चं पाणी एक भाग आणि जवळपास शून्याचं दोन भाग, झालं १. सगळं घर शुद्ध करायला जाऊ नका, आंघोळ, कपडे, भांडी याला तेच बोअरचं पाणी चालतं, कातडीतून फ्लोराइड आत जात नाही. स्वयंपाकाचं मात्र विसरू नका, भात डाळ जे पाणी शोषतं ते पोटातच जातं.

दुसरा उपाय आरओ. मेंब्रेन, म्हणजे आतला पाणी गाळणारा पडदा, चांगल्या स्थितीत असेल तर साधारण ९० टक्के फ्लोराइड काढतो. पण इथे एक गंमत आहे. बऱ्याच मशीनमध्ये आत एक छोटा स्क्रू किंवा नॉब असतो, टीडीएस कंट्रोलर म्हणतात त्याला. पाणी फार बेचव होऊ नये म्हणून तो थोडं कच्चं पाणी मेंब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात परत मिसळतो. बसवायला आलेला माणूस चव छान लागावी म्हणून तो सैल सोडून जातो. आता हिशोब करा, बोअरचं पाणी ४ चं, मेंब्रेनमधून निघालं ०.४ चं, आणि त्यात ३० टक्के कच्चं मिसळलं तर तुमच्या ग्लासात जवळजवळ १.५. हजारो रुपये घालवून मर्यादेच्या काठावर. त्यामुळे फ्लोराइडसाठी आरओ घेतला असेल तर तो नॉब पूर्ण बंद करून घ्या, आणि नंतरच्या पाण्याची टेस्ट करूनच विश्वास ठेवा. वाया जाणारं पाणी फेकू नका, फरशीला संडासाला वापरा, पण ते जनावरांना प्यायला ठेवू नका, सगळं फ्लोराइड त्यातच गोळा झालेलं असतं आणि जनावरांनाही फ्लोरोसिस होतो.

तिसरा, अ‍ॅक्टिव्हेटेड अल्युमिनाचा फिल्टर. पांढरे बारीक दाणे असतात, पाणी त्यातून सावकाश गेलं की फ्लोराइड त्यांना चिकटतं. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही, मला स्वतःला हा उपाय आवडतो पण आळशी माणसासाठी नाही. दाणे भरले की फ्लोराइड तसंच पुढे जायला लागतं आणि बाहेरून काहीही कळत नाही, धार तीच, चव तीच. पाण्याचा पीएच चढा असेल तर ते लवकर भरतात, म्हणून वर पीएच तपासा म्हटलं. दर महिन्याला निघणाऱ्या पाण्याचा आकडा बघायचा आणि १ च्या पुढे सरकला की दाणे बदलायचे किंवा ते पुन्हा चार्ज करून घ्यायचे. जनावरांच्या हाडांच्या कोळशाचा फिल्टर पण असतो, काम करतो, पण बऱ्याच जणांना तो धर्मामुळे चालत नाही.

चौथी नलगोंडा पद्धत, नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेली. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर टाकून ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं, फ्लोराइड गाळासोबत खाली बसतं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या भागाएवढा. ऐकायला सोपी आहे पण तुरटी किती हे फ्लोराइड आणि अल्कलिनिटी दोन्हीवर ठरतं आणि गढूळ पाण्यात फिरवतो त्यापेक्षा खूपच जास्त लागते, अंदाजाने टाकली तर पाण्यात अल्युमिनियम राहतं. गावपातळीवर माहितगार माणूस असेल तर ठीक, घरी चिमटीने नको.

जेवणाबद्दल थोडंच सांगतो. कॅल्शियम पुरेसं मिळालं तर फ्लोराइड कमी शोषलं जातं आणि कुपोषित मुलांमध्ये परिणाम जास्त दिसतो, त्यामुळे दूधदुभतं, हिरव्या भाज्या चालू ठेवा, पण पाणी न बदलता नुसत्या आहाराने भागणार नाही.

टूथपेस्ट बंद करायची का?

नको. पेस्ट दातांवर वरून काम करते आणि थुंकायची असते. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. १००० पीपीएमच्या पेस्टचा वाटाणा म्हणजे पाव ग्रॅम, त्यात पाव मिलिग्रॅम फ्लोराइड, चुकून गिळला तरी एवढं काही नाही. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात तेवढी रोज गिळणारं मूल मात्र दिवसाला एक मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतं. ट्यूब मुलांच्या हाती देऊ नका, एवढंच. घरचं पाणी आधीच २ च्या वर असेल तर लहान मुलाच्या पेस्टबद्दल दातांच्या डॉक्टरला आकडा दाखवून विचारा.

आणि तो बुद्ध्यांकाचा प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकोलॉजी प्रोग्रामने आढावा काढला. १.५ च्या वरच्या फ्लोराइडचा आणि मुलांच्या कमी बुद्ध्यांकाचा संबंध आहे असं मध्यम खात्रीने म्हणता येतं, ०.७ बद्दल काही ठरवायला पुरेसा पुरावा नाही. दोन्ही अर्धी वाक्यं एकत्र वाचायची असतात, पण फॉरवर्डमध्ये एकच अर्धं येतं. त्याच वर्षी कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात असंही आलं की फ्लोराइडची पेस्ट सर्वत्र आल्यानंतर पाण्यात मुद्दाम टाकण्याचा फायदा पूर्वीपेक्षा कमी दिसतो. २०२५ मध्ये युटा राज्याने टाकणं बंद केलं, आणि कॅनडातल्या कॅलगरीने २०११ मध्ये बंद केलेलं त्याच वर्षी परत सुरू केलं. त्यांचा वाद त्यांना लखलाभ. तुमच्या बोअरला ३ असेल तर तुम्ही त्या वादात नाहीच आहात, १.५ च्या दुप्पट आहात, आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांचं पाणी आज बदला, बाकीच्यांचं पुढच्या आठवड्यात बदललं तरी चालेल.

डॉक्टरकडे जाताना पाण्याचा रिपोर्ट सोबत न्या आणि किती वर्षं ते पाणी पिताय ते सांगा, कारण तुम्ही सांगितलं नाही तर फ्लोराइड कोणाच्या डोक्यातही येत नाही आणि दुखण्याच्या गोळ्या चालू राहतात. हाताच्या आणि मणक्याच्या एक्सरेत क्षार साठलेले दिसू शकतात. लघवीतलं फ्लोराइड पण मोजता येतं, ते पाणी बदलायच्या आधी एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा करून घ्या. उतरलं नसेल तर फ्लोराइड अजून कुठून तरी येतंय, आधी फिल्टरचा आकडा बघा, मग चहा.